माझ्या ट्रेवर तिचा नंबर

हे मी आजवर कुणाला बोलले नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीलाही नाही. तुम्हाला तरी का सांगतेय? आत नुसती चिडचिड साचलीय, आणि ती दुसऱ्या कुणावर काढण्याजोगी नाही.

हिंगोलीजवळच्या एका छोट्या कारखान्यात मी सोल्डरिंग करते. शेतातल्या मोटारीच्या स्टार्टरमध्ये बसतात ते हिरवे बोर्ड, आम्ही त्यांना प्लेटी म्हणतो. बारा वर्षं झाली. डाव्या हातात तार, उजव्या हातात तापलेलं आयर्न, दिवसभर मान खाली. टाका चकचकीत बसला पाहिजे. मळकट, खडबडीत दिसला की समजायचं, त्याने नीट धरलेलं नाही.

चाळिशी उलटली आणि जवळचं धूसर दिसायला लागलं. चष्मा घ्यायचा — एवढी साधी गोष्ट. पण चष्मा लागलेल्या एका बाईला सुपरवायझरने सोल्डरवरून उचलून पॅकिंगला बसवलेलं मी पाहिलं होतं. इतकी वर्षं सोल्डर मारून मी खोकी चिकटवत बसायचं? म्हणून अंदाजाने टाके मारत राहिले.

शेजारी सविता बसायची. औंढ्याकडच्या एका तांड्यावरची, विशी-बाविशीची. तिला काम मीच शिकवलं होतं. मला अक्का म्हणायची. तिचा हात — काय सांगू — वर्षभरात माझ्यापेक्षा साफ झाला होता. त्याचं कौतुकही वाटायचं, आणि ते खुपायचंही.

प्रत्येक ट्रेवर आपापल्या नंबरची चिठ्ठी लावायची असते. एका दुपारी माझा ट्रे भरला. उजेडात तिरका धरून पाहिला तर निम्मे टाके मळकट. दुरुस्त करायला वेळ होता — होता, आता खोटं कशाला बोलू. सविता पाणी प्यायला उठली होती. मी तिच्या ट्रेची चिठ्ठी माझ्या ट्रेला लावली, माझी तिच्या ट्रेला.

तपासणीत तो ट्रे पकडला गेला. सुपरवायझरने सविताला बोलावलं, शिकवणारी म्हणून मलाही.

"ह्या प्लेटी माझ्या न्हाईत," सविता म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "अक्का, तुमी तर माझा हात वळखता. सांगा की."

सगळ्या बाया काम थांबवून बघत होत्या. मी म्हणाले, "नवीन हाय ती. व्हती चूक."

एवढंच. धड खोटं बोलायचीही हिंमत नव्हती माझ्यात. वर पुन्हा तिची बाजू घेतल्यासारखं दाखवलं — नाही का? ती टेंपररी होती. शनिवारी तिला सांगितलं, सोमवारपासून येऊ नको.

दोनच महिन्यांनी आमच्या टेबलांना भिंगाचे दिवे बसले. पॅकिंगला गेलेली बाईसुद्धा परत सोल्डरवर आली. मला इतका संताप आला — कुणाचा? दिव्यांचा?

गेल्या दिवाळीआधी सविता जवळा बाजारला आठवडी बाजारात दिसली. कडेवर लेकरू, सोबत नवरा. मी वाट बदलणार तोच तिने हाक मारली.

"ह्या माझ्या अक्का," ती नवऱ्याला म्हणाली. "ह्यांनीच मला काम शिकवलं." मग मला म्हणाली, "तवा मी लई भांडले, प्लेटी माझ्या न्हाईत म्हून. मंग घरी बसून इचार केला. माझ्याच आसतील. माझाच हात कच्चा."

न्हाई, सविता — एवढे दोन शब्द होते. माझ्या तोंडून निघाले नाहीत.

"आता कापूस वेचायला जाऊन राहिले," ती म्हणाली. "तुमच्याकडं भरती निघाली तर सांगा, अक्का. पुन्यांदा पयल्यापासून शिकीन."

आमच्याकडे तेव्हा सोल्डरवर दोन जागा रिकाम्या होत्या. गेटवर कागदही लावला होता. मी "बघते" म्हणाले, भाजीची पिशवी उचलली आणि निघाले.

पुढच्या आठवड्यात त्या जागा भरल्या.