ताईची सवत

मला सवत आहे, असं आमची ताई स्वतःच हसत हसत सगळ्यांना सांगायची. नव्या शेजारणीचा चेहरा पडला की मग खुलासा करायची, की सवत म्हणजे मागच्या खोलीत वॉशिंग मशीनशेजारी गुरगुरत बसलेला काळा डबा आणि त्या डब्यात रात्रंदिवस जे काही चालतं ते. भावोजी म्हणत, डबा वेगळा आणि त्यातलं ते वेगळं. ताईला या भेदात काडीचाही रस नव्हता. डबा गरम असायचा, त्यावर ती मोजे वाळत टाकायची.

त्यातलं ते म्हणजे जावास्क्रिप्ट या संगणकाच्या भाषेतलं एक फ्रेमवर्क, ॲप उभारायचा तयार सांगाडा. मी नर्स, लोकांच्या घरी जाऊन शुश्रूषा करणारी, तेव्हा मला कळलं तेवढंच सांगते. ॲप बनवायचं तर पडद्यावर दिसणारा भाग एक आणि मागे सर्व्हरवर, म्हणजे त्या डब्यासारख्या सतत चालू संगणकावर, माहिती सांभाळणारा भाग दुसरा. या फ्रेमवर्कमध्ये दोन्ही एकाच भाषेत लिहिता यायचे. वर ते ओपन सोर्स, म्हणजे सगळा कोड उघड्यावर, कुणीही वापरा, कुणीही दुरुस्त करा. एके काळी देशोदेशीची माणसं त्यावर राबत होती. मग काहीतरी नवं आलं, माणसं तिकडे पांगली आणि दुरुस्तीला उरले एकटे आमचे भावोजी. दिवसा नोकरी आणि उरलेल्या वेळात हा नसता उद्योग.

"पाहुणे केव्हाच जेवून गेले भावोजी, तुम्ही अजून भांडी घासताय," मी चिडवायचे.

"सगळे नाही गेले गं," ते म्हणायचे.

ते खरं होतं. एक वाचनालय, एक पोहण्याचा क्लब, गुरांचे डॉक्टर आणि आमची नर्सेसची संस्था, असे काहीजण मागे राहिले होते. यांची ॲप्स याच फ्रेमवर्कवर बनलेली आणि पुन्हा पहिल्यापासून बनवण्याचं बळ कुणात नव्हतं. सगळ्यांचा संसार त्या काळ्या डब्यात. आमचं ॲप तर भावोजींनीच लिहिलेलं. ऑफिसातल्या बाई कुठल्या नर्सने कुठल्या घरी जायचं ते भरायच्या, निरोप नर्सच्या फोनवर जायचा आणि बाईंच्या पडद्यावर हिरव्या अक्षरांत 'कळवले' उमटायचं. हिरवं झालं की बाई फोन करत नसत. कशाला करतील? इतक्या वर्षांत एकदाही चुकलं नव्हतं.

दुखणं निघालं ते इंजिनात. जावास्क्रिप्ट सर्व्हरवर ज्या इंजिनाच्या जिवावर चालते, ते जुनं झालं होतं. त्याची डागडुजी बंद झालेली, उद्या कुणी चोर आत शिरला तर अडवायला कोणी नाही. नव्या इंजिनावर जावं, तर त्यात एक जुनी सोय नव्हती. पूर्वी वेळखाऊ काम आलं की प्रोग्राम ते पुरं होईपर्यंत आपसूक थांबायचा. आता तसं प्रत्येक ठिकाणी त्याला लिहून सांगावं लागणार होतं, नाहीतर तो पाठी वळून न बघता पुढे जाणार. अशी ठिकाणं हजारो. भावोजी जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप मांडून बसले आणि एकेक ओळ मोठ्याने वाचू लागले. हे काम करणारं एक साधन मिळत होतं म्हणे, पण त्यांचा त्यावर विश्वास नव्हता. पडद्यावर बोट ठेवून पुटपुटायचे, "इथे थांब. इथे नको. इथे थांब."

"अहो, कुणाला एवढं थांबवताय?" ताई विचारायची. "मी इथे ताटं घेऊन उभी आहे."

दोन हिवाळे हेच चाललं. त्यांचे डोळे चुरचुरायचे, पाठ धरायची, लेकीच्या शाळेच्या समारंभाला ते उशिरा पोहोचले आणि तिथेही ओठ हलतच होते. मला कौतुक वाटायचं आणि संतापही यायचा. जगात कुणाला पत्ता नसताना इतकं झिजावं कशाला?

शेवटी झालं. नवं इंजिन सुरू झालं. त्यातच ताईने हट्ट धरला, की आता हा डबाही माझ्या घरातून गेला पाहिजे. मग भावोजींनी सगळी ॲप्स सर्व्हर भाड्याने देणाऱ्या एका होस्टिंग कंपनीकडे हलवली. तिथली पद्धत निराळी. ॲपकडे कुणी आलं की ते जागं करायचं, उत्तर देऊन झालं की लगेच झोपवायचं. ताईने मागची खोली धुऊन काढली, भावोजींनी आइस्क्रीम आणलं. इतके खूश ते मला पुन्हा दिसले नाहीत.

आमच्या रुग्णांत एक शिवणवाल्या आजी होत्या. आयुष्यभर दुसऱ्यांचे कपडे शिवले, आता कॅन्सर हाडांत उतरलेला. दुखणं दबावं म्हणून त्यांच्या पाठीवर औषधाची पट्टी लावायची, ती संपली की नर्सने नवी आणायची. ते औषध घरात ठेवायला देत नाहीत. एका शनिवारी त्यांची नेहमीची नर्स आजारी पडली. ऑफिस बंद करता करता बाईंनी रविवारचं काम माझ्या नावावर टाकलं, हिरवं 'कळवले' पाहिलं आणि दिवे मालवून त्या घरी गेल्या. माझा फोन वाजलाच नाही. रविवारी मी आरामात डोकं धुतलं, कपाट आवरलं.

आजींच्या मुलीने दुपारी बाईंच्या घरी फोन केला. बाई म्हणाल्या, "मी स्वतः कळवलंय, येतच असेल." संध्याकाळी तिने पुन्हा केला, तेव्हाही तेच. सोमवारी सकाळी बाईंनी ऑफिसात ॲप उघडलं आणि त्याच क्षणी माझ्या फोनवर शनिवारचा निरोप येऊन पडला.

मी पोहोचले तेव्हा आजींच्या तोंडात उशीचा कोपरा होता. ओरडणं शेजाऱ्यांना ऐकू जाऊ नये म्हणून त्यांनी तो स्वतःच दातांत धरला होता. मुलगी मला एवढंच म्हणाली, "तुम्ही दार वाजवाल आणि ऐकू येणार नाही, म्हणून मी पंखासुद्धा लावला नाही." मी पट्टी लावली.

तिथून मी तडक भावोजींकडे गेले आणि तोंडाला येईल ते बोलले. त्यांनी लॅपटॉप उघडला, आणि मी दम खायला थांबले तोवर त्यांना चूक सापडली होती. हजारो ठिकाणी थांबायला सांगितलं होतं, एका ठिकाणी राहून गेलं होतं. निरोप फोनकडे रवाना होण्याची वाट न पाहता सर्व्हर बाईंना 'कळवले' म्हणून मोकळा व्हायचा, आणि उत्तर दिलं की नव्या जागेच्या रीतीप्रमाणे झोपवला जायचा. निरोप तसाच हातात. एरवी कुणी ना कुणी ॲप उघडायचं, त्याला जाग यायची, निरोप सुटायचा. रविवारी कुणी उघडलंच नाही. जुन्या डब्यात हे घडलं नसतं, तो कधी झोपतच नव्हता. हे ऐकून ताई मागच्या खोलीत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

भावोजींनी चूक दुरुस्त केली. ते फ्रेमवर्क वापरणाऱ्या सगळ्यांसाठी जाहीर लिहिलं, की चूक माझी आहे, तुमच्याकडेही तपासा. कुणीतरी उलट कळवलं, असं सगळ्यांकडून होतं, मनावर घेऊ नका. सवत आजही नव्या इंजिनावर, नव्या जागी सुरळीत चालते. बाई मात्र आता हिरवं झालं तरी फोन करतात.

आजी त्याच महिन्यात गेल्या. त्या जाणारच होत्या, त्या रविवारने काही त्यांचा जीव घेतला नाही. हे मी भावोजींना हर प्रकारे सांगून पाहिलं. त्यांचं जेवण सुटलं होतं, ताटातलं अन्न नुसतं चिवडत बसायचे. एक दिवस म्हणाले, "मला त्यांच्या मुलीला भेटायचंय."

"कशाला?" मी म्हटलं. "मशीन बिघडलं, असं तिला वाटतंय. वाटू दे."

"मला नाही वाटू देता येत."

ताईने विनवण्या केल्या, मी रागावले. पण त्यांची अवस्था बघवत नव्हती. शेवटी मीच त्यांना घेऊन गेले.

एकच खोली. शिवणयंत्रावर चादर टाकलेली, खाली अर्धवट शिवलेल्या अभ्र्यांचा गठ्ठा. मुलगी शाळेची व्हॅन चालवते, नुकतीच मुलं सोडून आली होती. तिने आम्हाला बसायला दिलं, पाणी दिलं. मी म्हटलं, "हे माझे भावोजी. आमचं ॲप यांनी बनवलंय." ती समजुतीने म्हणाली, "मशीनचं काय, चालतं तसं बंदही पडतं. माझ्या गाडीचंच बघा ना. मी कुणाला दोष नाही दिला."

पाणी पिऊन उठता आलं असतं. मी त्यांच्याकडे डोळे वटारले.

"मशीन बिघडलं नव्हतं," भावोजी म्हणाले. "मी लिहिताना एक ठिकाण विसरलो. त्यामुळे निरोप गेला नाही. चूक माझी आहे."

ती मला म्हणाली, "म्हणजे हे टळू शकलं असतं?"

मी मान डोलावली, हो.

"रात्रभर आई विचारत होती, निघाल्या का नर्सबाई, निघाल्या का. मी सांगत होते, निघाल्या, निघाल्या," ती म्हणाली. "मी मनाची समजूत घातली होती, की नशिबात होतं, कुणाचा इलाज नव्हता. तेवढ्यावर झोप लागायची मला." मग ती भावोजींकडे वळली. "हे मला का सांगितलंत? माझ्यासाठी?"

भावोजींना खोटं बोलता येत नाही. "नाही," ते म्हणाले. "मला राहवलं नाही म्हणून."

तिने त्यांच्यापुढचा पेला उचलला. त्यातलं पाणी तसंच होतं.

"मग आता हलकं वाटत असेल तुम्हाला," ती म्हणाली आणि तिने दार उघडलं. "या आता."