रेडिएटरच्या पाइपाची सत्यप्रत

अर्जदार : मी, सिल्वासा येथे कचेरीबाहेर बसून लोकांचे अर्ज लिहिणारा, शिक्षण आठवी. सामनेवाले : माझे सासरे, त्याच कचेरीच्या अभिलेख कक्षातून, म्हणजे जुन्या कागदांच्या खोलीतून, निवृत्त. साक्षीदार : एक, माझी पत्नी, दोन, खडोलीच्या कारखान्यात नोकरी करून रविवारी गाड्या दुरुस्त करणारा धुळ्याकडचा मिस्त्री. दिनांक : गेल्या थंडीतला एक रविवार. नावे दिलेली नाहीत, कारण बाब घरची आहे.

सासूबाई गेल्यापासून सासऱ्यांची जुनी गाडी अंगणातल्या पत्र्याखाली उभी होती. त्यांचे गुडघे दिवसेंदिवस धरत चालले, तेव्हा त्यांनी एकच मागणे मांडले. दादऱ्याच्या वनगंगा तळ्याच्या बागेत ज्या बाकावर ते आणि सासूबाई बसत, तिथे चालता येते तोवर एकदा जायचे, आणि तेही याच गाडीने. रिक्षा त्यांनी साफ नाकारली.

मिस्त्रीने इंजिन चालू केले, ब्रेक नीट केले. राहिला रेडिएटरचा रबरी पाइप. त्याने अंगठा दाबला, तशी पाइपावर बारीक भेग उमटली.

"भाऊ, ह्याचं लाकूड झालंय," तो मला म्हणाला. "इंजिन तापलं का फुटंल, आन् बाबा भर रस्त्यात बसतील."

सासऱ्यांनी नवा पाइप घालण्यास हरकत घेतली. तो पाइप त्यांनी स्वतःच्या हाताने बसवला होता. सासूबाईंनी उजेडासाठी बॅटरी धरली होती आणि क्लिप वाकडी बसली म्हणून बोलही लावले होते. गाडी नाही गेली तरी चालेल, पाइप निघणार नाही, असे त्यांनी निक्षून सांगितले. पत्नीने विनवले, मिस्त्रीने समजावले. व्यर्थ.

आयुष्यभर लोकांचे तंटे कागदावर मांडत आल्यामुळे कोणाशी कोणत्या भाषेत बोलावे, एवढे मला कळते. मी खुर्ची त्यांच्यासमोर ओढली.

"बाबा, जीर्ण झालेला मूळ कागद तुम्ही कधी बाहेर दिलात का?"

"नाही. नक्कल देत असू."

"मग गाडीलाही नक्कल द्या. मूळ तुमच्या ताब्यात राहील."

त्यांनी खुर्ची गाडीकडे वळवली. मग म्हणाले, "जावईबापू, नक्कल खरी ठरवायचा अधिकार तुम्हाला नाही. ताडून मीच पाहीन. तुम्ही वाचा."

मिस्त्री एरवी जुना पाइप पात्याने कापून काढतो. त्या दिवशी त्याने त्यावर कढत पाणी ओतले आणि हलक्या हाताने पिळत तो अखंड सोडवला. ओट्यावर दोन्ही पाइप शेजारी ठेवले. अभिलेखात एकाने मूळ वाचायचे आणि दुसऱ्याने नकलेवरून बोट फिरवायचे, अशी रीत असते. मी जुन्या पाइपाचे तोंड, लांबी, वाक मोठ्याने सांगत गेलो; त्यांचे बोट नव्यावरून सरकत गेले. एका जागी ते थांबले. वाक किंचित जास्त होता. उष्णतेने बसेल, असे मिस्त्री म्हणाला. त्यांनी मान डोलावली आणि नंबरप्लेटच्या पांढऱ्या रंगाने नव्या पाइपावर लिहिले : मुळाशी ताडून पाहिले. खाली आखूड सही केली. पत्नीने जुना पाइप लाल फडक्यात बांधून त्यांच्या कपाटात ठेवला.

मिस्त्रीने गाडी चालवली. मी पुढे, मांडीवर पाण्याचा कॅन घेऊन, डोळे तापमानाच्या काट्यावर. कारखान्यांची फाटके मागे पडली, दादरा आला. काटा लाल खुणेकडे गेला नाही. कॅन भरलेलाच राहिला.

बाकावर सासरे पत्नीचा हात धरून बसले. तळ्याकडे पाहून झाल्यावर माझ्याकडे वळले.

"वाचताना एकही शब्द अडला नाही तुमचा. माझ्या हाताखाली असता, तर सगळी दप्तरे तुमच्याकडून वाचून घेतली असती."

कचेरीच्या भिंतीबाहेर माझा जन्म गेला. त्या वाक्याने त्यांनी मला आत जागा दिली.

सबब विनंती की, अर्जदाराचे आभार दाखल करून घ्यावेत, आणि पुढचा पाइप बदलण्याची वेळ येईल तेव्हा वाचनाचे काम अर्जदारासच द्यावे. बाबा, आपण शेजारच्याच खोलीत आहात. उत्तर तोंडी दिले तरी चालेल, पण द्यावे.