तुरीची पोती आणि लाल मोटारीचे इंजिन

“ज्यानं इंजिन निवडलं त्याला मिस्त्री म्हणायचं, आणि ज्याला ती निवड पटलीच नव्हती त्याला तज्ज्ञ. हे तुमच्या कोणत्या शास्त्रात बसतं, सर?”

१९८४ साली माझ्या दहावीच्या वर्गात शिकणाऱ्या विशाखा सोनकांबळे हिने माझ्या घरी येऊन हा प्रश्न विचारला. तिच्या हातात लातूर जिल्ह्याच्या पहिल्या वर्धापनदिनी एका स्थानिक क्लबने काढलेली स्मरणिका होती. स्मरणिकेच्या एकतिसाव्या पानावर एका उघड्या, दोन आसनी, लाल मोटारीचे छायाचित्र होते आणि खाली एक ओळ: ‘अभियंता हणमंतराव यांच्या कल्पकतेने नवे इंजिन लाभलेली व्यंकटराव वकिलांची मोटार.’ स्मरणिकेच्या संपादक मंडळात माझे नाव होते. ती ओळ मी वाचली होती आणि छपाईला जाऊ दिली होती. म्हणून निदान जे घडले ते क्रमाने नोंदवणे भाग आहे.

विशाखाचे वडील उद्धव लिंबाजी सोनकांबळे हे मुखेड तालुक्यातले. लिंबाजींनी छप्पन साली धम्म स्वीकारला आणि मुलाला सातवीपर्यंत शिकवले. बहात्तरच्या दुष्काळात उद्धव आणि त्यांची पत्नी सरजाबाई रस्त्याच्या कामावर खडी फोडत होती. त्या कामावर खडक फोडण्यासाठी आणलेला एक कंप्रेसर डिझेल इंजिनावर चालत असे. तो बंद पडला आणि चालवणारा सुट्टी घेऊन गेला तो परतलाच नाही. उद्धवनी दोन दिवस त्या इंजिनासमोर बसून त्याचा प्रत्येक भाग उलगडला, फडक्यावर क्रमाने मांडला आणि त्याच क्रमाने परत बसवला. पुढे सात महिने ते इंजिन त्यांनीच चालवले. हजेरीच्या मस्टरवर मात्र सातही महिने त्यांच्या नावापुढे ‘खडी फोडणारा मजूर’ असेच लिहिले गेले. हे कोणाच्या नजरचुकीने झाले नाही. मुकादमाला विचारले तेव्हा तो म्हणाला होता, “लिवलंय ते ऱ्हाऊ दे. तुज्या नावापुढं ‘यंत्रचालक’ लिवलं तर वरचे लोक मलाच इचारतील.”

चौऱ्याहत्तर साली ते लातूरला आले. मोंढ्याच्या, म्हणजे धान्यबाजाराच्या, मागच्या भिंतीला लागून, दुसऱ्याच्या जागेत, त्यांनी पत्र्याची शेड उभी केली. लातूर जिल्हा होणार हे निश्चित झाल्यावर छोट्या कारखानदारांसाठी भूखंडांचे अर्ज निघाले. अट एकच आडवी येत होती: तांत्रिक कामाचा लेखी पुरावा हवा. दहा वर्षे इंजिने दुरुस्त केलेल्या माणसाजवळ त्याचे नाव असलेला एकही कागद नव्हता.

त्याच सुमारास, १९८२च्या उन्हाळ्यात, व्यंकटराव वकील आपली लाल मोटार ढकलत ढकलत शेडपर्यंत घेऊन आले. हैदराबादच्या एका जहागीरदाराकडून त्यांनी ती हौसेने विकत घेतली होती. दिसायला देखणी, पण इंजिन जेमतेम आठशे सीसीचे आणि तेही झिजलेले. नांदेडहून येताना अहमदपूरच्या पुढच्या चढावर तिने दम टाकला होता आणि मालवाहू ट्रकवाल्यांनी थांबून वकिलांना लिंबू-मिरची बांधण्याचा सल्ला दिला होता. नव्या जिल्ह्याच्या मिरवणुकीत ही गाडी मिरवायची, असा वकिलांचा हट्ट होता.

“हिला अँबॅसिडरचं इंजिन टाक,” वकील म्हणाले. “हणमंतरावांनी पुण्याहून तसं कळवलंय. दीड हजार सीसी! मग बघू कोण लिंबू बांधतो.”

हणमंतराव हे वकिलांचे मेव्हणे. पुण्याच्या एका कारखान्यात अभियंते.

“वकीलसाहेब, ताकद वाढंल,” उद्धव म्हणाले. “पर नाकाला, म्हंजी पुढच्या चाकांवर, वझं किती होतंय, ते आदुगर बघावं लागंल. बघून सांगतो.”

वकिलांनी मजुरी विचारली. उद्धवनी नेहमीचीच सांगितली आणि वर एक गोष्ट मागितली: इंजिन बदलाची नोंद करताना कामाचा जो दाखला जोडावा लागतो, त्यावर काम करणारा म्हणून आपले पूर्ण नाव यावे. ते कशासाठी हवे, हेही त्यांनी स्पष्ट सांगितले. वकील हसले. “एवढंच ना? दिलं.”

उद्धवनी जे केले ते कोणत्याही पुस्तकातले नव्हते; ते मोंढ्यातले होते. जुने इंजिन उतरवण्याआधी त्यांनी मोटार मोंढ्यातल्या जमिनीलगतच्या मोठ्या काट्यावर नेली. मलप्पा तोलार तिथे तूर तोलत होता.

“काय मिस्त्री, मोटार इकायला आणलास का? सौदा कुण्या आडतीत लावू?”

“तोल आदी. पुढची चाकं येगळी, मागची येगळी.”

“लई वाळलीय की ही. चारा न्हाई का घातला?” असे म्हणत मलप्पाने वजन घेतले: पुढे तीनशे तीस किलो, मागे तीनशे दहा. मोंढ्याचा रिवाज असा की काट्यावर जे चढेल त्याची पावती फाटते आणि माल आणणाऱ्याचे पूर्ण नाव तिच्यावर येते. तोलाराला पावतीशिवाय काटा उचलता येत नाही. मलप्पाने रिवाज पाळला. ‘आणणार: उद्धव लिंबाजी सोनकांबळे. माल: मोटार, लाल.’ नंतर जुने इंजिन, नांदेडच्या भंगारातून आणलेले फियाटचे इंजिन आणि एका गॅरेजातून उसने आणलेले अँबॅसिडरचे इंजिन, अशी तिन्ही इंजिने एकेक करून काट्यावर गेली. फियाटचे जुन्याहून अठरा किलोने जड निघाले. अँबॅसिडरचे सत्तरहून अधिक किलोंनी.

हणमंतराव जुलैत स्वतः आले. त्यांना आकडे दाखवले तेव्हा ते म्हणाले, “सत्तर किलो म्हणजे एक माणूस. एका माणसाने काय होतं?”

“माणूस बाजूला बसतोय, साहेब. ह्ये नाकावर बसणार.”

“तुम्ही हे कुठे शिकलात?”

“खडीवर.”

हणमंतरावांना हा उद्धटपणा वाटला. उद्धवनी वाद थांबवला आणि गाडी नांदेड रस्त्यावरच्या उतारावर नेली. इंजिनाची जागा रिकामीच होती. तिथे त्यांनी मोंढ्यातून आणलेली तुरीची पोती फियाटच्या वजनाइतकी तोलून, दोरीने आवळून बसवली. रस्त्यावर चुन्याची एक रेघ मारली, स्वतः स्टिअरिंगवर बसले आणि गाडी उतारावर सोडली. ठरल्या झाडापाशी ब्रेक दाबला. गाडी रेघेच्या हातभर अलीकडे थांबली. मग पोती वाढवून अँबॅसिडरचे वजन केले. या वेळी नाक खाली गेले, वळताना पुढचे टायर मडगार्डला घासून धूर निघाला आणि गाडी रेघ ओलांडून पाच हात पुढे गेली. रस्त्याच्या कडेला जमलेल्या हमालांनी टाळ्या पिटल्या. मलप्पा ओरडला, “वकीलसाब, तुरीनं निकाल दिला!”

व्यंकटरावांनी त्याच जागी फियाटला होकार दिला. हणमंतराव दुसऱ्या दिवशीच्या गाडीने पुण्याला गेले.

नवे इंजिन आणि जुना गिअरबॉक्स यांना जोडणारी पोलादी चकती उद्धवनी नांदेडला लेथवर उभे राहून कापून घेतली. इंजिनाचे पाय नवे केले, रेडिएटर पुढे सरकवला. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात वकील आणि उद्धव अहमदपूरच्या चढावर गेले. गाडी दोघांना घेऊन न थांबता वर चढली. वर पोचल्यावर वकिलांनी उद्धवच्या पाठीवर थाप मारली, हे वकीलही नाकारत नाहीत.

पंधरा ऑगस्टला लातूर जिल्हा झाला. मिरवणुकीत लाल मोटार होती. वकिलांच्या शेजारी, खास पुण्याहून आलेले हणमंतराव होते. सप्टेंबरात उद्धव दाखल्याची नक्कल मागायला गेले. तीवर ‘काम करणारा’ या शब्दांपुढे हणमंतरावांचे नाव आणि पदवी होती.

“साहेब, तुमी बोलला व्हता.”

“अरे, कचेरीत पदवी विचारतात. तुझ्या नावानं कागद अडला असता. काम तर झालं ना? तुझे पैसे मिळाले ना?”

“पैसे मिळाले. नाव न्हाई मिळालं.”

“नावाचं काय घेऊन बसलास, उद्धव! अख्खं गाव तुला ओळखतं.”

या वाक्याइतके निर्लज्ज वाक्य मी क्वचित ऐकले आहे. गाव ओळखते, म्हणून कागदाने ओळखण्याची गरज नाही, असे ज्यांची पिढ्यान्‌पिढ्यांची ओळख कागदावरच टिकली आहे त्यांनी म्हणावे! कागद अडेल म्हणून जी कचेरी वकिलांनी पुढे केली, तिला विचारण्याचेही कष्ट त्यांनी घेतले नव्हते. दाखल्याच्या नमुन्यात पदवीचा रकानाच नाही. तो नमुना मी नंतर पाहिला.

घरी सरजाबाई म्हणाल्या, “जाऊन काढून आना त्ये इंजिन. तुमी बसवलाव, तुमीच काढा.”

“काढलं तर गाडी पुन्ना चढावर बसंल,” उद्धव म्हणाले. “माझं काम खोटं न्हाई. मी कशाला खोटं करू?”

त्यांनी मोंढ्यातल्या काट्याच्या पावत्यांतल्या तीन, म्हणजे मोटारीची आणि दोन्ही नव्या इंजिनांची, भूखंडाच्या अर्जाला जोडल्या. त्या पावत्यांखेरीज त्यांच्या इंजिनकामावर त्यांचे नाव असलेला कागद जगात नव्हता. अर्ज नोव्हेंबरात परत आला. शेरा होता: ‘शेतमाल तोलाच्या पावत्या. तांत्रिक कामाचा पुरावा नव्हे.’

‘माल: मोटार’ असे ज्या पावतीवर स्वच्छ लिहिले आहे तिला शेतमालाची पावती म्हणणारा कारकून अडाणी नव्हता. त्याने नाव वाचले होते. बहात्तरच्या मस्टरपासून ब्याऐंशीच्या शेऱ्यापर्यंत मधे एक दुष्काळ सरला आणि एक जिल्हा जन्मला. परंतु या माणसाच्या हाताला बुद्धी असू शकते हे लिहिण्याचे धाडस एकाही लेखणीला झाले नाही. त्या लेखण्यांत एकतिसाव्या पानावरची माझीही धरावी.

उद्धव मिस्त्री पुढेही त्याच शेडमध्ये काम करत राहिले. वकिलांची मोटार सर्व्हिसिंगला त्यांच्याकडेच येई आणि ते ती नाकारत नसत. प्रत्येक वेळी बॉनेट उघडून ते आधी पोलादी चकतीचे बोल्ट तपासत. विशाखा शाळेतून आली की पाना धरून शेजारी उभी राहत असे. तिने माझ्याकडून स्मरणिका परत घेतली नाही. “तुम्हीच ठेवा,” म्हणाली. परतीच्या शेऱ्यासह त्या तीन पावत्या मात्र तिने स्वतःच्या वहीत जपल्या.

लातूरच्या औद्योगिक वसाहतीतील भूखंड ११ मार्च १९९१ रोजी विशाखा उद्धव सोनकांबळे यांच्या नावे मंजूर झाला. अर्जाला यंत्र अभियांत्रिकीच्या पदविकेचे प्रमाणपत्र आणि मोंढ्यातल्या तीन काटापावत्या जोडलेल्या होत्या.