हौदाचं फाटक

लातूर नवा जिल्हा झाला, नवऱ्याची तिथं बदली झाली, आणि आम्ही सामान लावतोय तोवर दुष्काळ येऊन बसला. घरमालकांच्या अंगणात जमिनीत बांधलेला मोठा हौद होता. टँकर त्यात रिकामा होई आणि सगळी गल्ली तिथूनच पाणी भरी. समोरच्या काकूंनी मालकांच्या मागं लागून त्याभोवती छातीइतकी जाळी आणि फाटक लावून घेतलं होतं.

कपाळाला विभूती, डोईवर पदर आणि तोंडात एकच वाक्य, "जाळीपाशी काही ठेवू नका, लेकरं चढतेत." पालथी बादली दिसली की त्या पायानंच लांब ढकलायच्या. हौद कोरडा ठाक असला तरी फाटकाची कडी लावायच्या. बाया हसायच्या. मला तर त्यांचा वैतागच यायचा.

एकदा टँकर आल्यावर गर्दीत कुणीतरी फाटक सुतळीनं उघडंच बांधून टाकलं. काकूंनी आपल्या घागरी खाली ठेवल्या, सुतळी सोडली आणि फाटकातच उभ्या राहिल्या. एकेकीला आत घ्यायच्या, कडी लावायच्या, पुन्हा उघडायच्या. शेवटी त्यांच्या वाट्याला तळाचं गढूळ पाणी आलं.

न राहवून मी विचारलं, "काकू, तुमच्या घरचं कुणी पडलं होतं का हौदात?"

"न्हाई बाई," त्या म्हणाल्या. "कुणी पडल्यावरच लावावं का फाटक?"

आणि जाळीला टेकलेली माझी घागर त्यांनी उचलून लांब ठेवली.