साबणाचं भांडं आणि हिरव्या बांगड्या

शालिनी गेल्याचं कळलं तेव्हा माझ्यासमोर टेबलावर एक बाई भुलीतून बाहेर येत होती. अशा वेळी भूल देणाऱ्या डॉक्टरला रडायची सोय नसते. सिस्टरने कानाशी येऊन सांगितलं, सकाळी सक्करदऱ्यातल्या तिच्या घरी, चहा घेता घेता, हृदय बंद पडलं. मी त्या बाईला नाव विचारलं, तिने ते नीट सांगितलं... मग मी बाहेर जाऊन बसले.

आम्ही दोघी नागपुरातच एकत्र शिकलो. पुढे ती बायकांच्या कॅन्सरचं शिकायला मुंबईला गेली आणि सगळ्यांनी वेड्यात काढलं तरी परत इथेच आली. तिचा विषय एकच, गर्भाशयाच्या बाजूला, बहुतेक वेळा अंडाशयावर, होणाऱ्या गाठी. बऱ्याचशा निरुपद्रवी, काही कॅन्सरच्या आणि थोड्या अधल्यामधल्या. गाठ दिसली की सगळंच काढून मोकळं व्हायचं, असं कुणी म्हटलं की शालिनीचं डोकं फिरायचं. तरुण बाईचं जे वाचवता येईल ते वाचवायचं आणि पुढे तिचं काय होतं ते वर्षानुवर्षं बघायचं, हे तिचं संशोधन. त्यासाठी ती ओपीडी संपल्यावर फोन घेऊन बसे आणि तपासणीला न आलेल्या बायकांना झापत असे.

तिचे हट्ट दोन. गाठ पोटात फुटता कामा नये आणि बांगडी बाहेर. ऑपरेशनआधी हात मोकळे करावे लागतात. घट्ट बसलेल्या काचेच्या बांगड्या सरळ ‘वाढवून टाकायच्या’, म्हणजे फोडायच्या, ही सगळीकडचीच रीत. आधीच घाबरलेली बाई तो आवाज ऐकून आणखी खचते. शालिनी स्वतः स्टीलच्या भांड्यात साबणाचं पाणी घेऊन कॉटवर बसायची, बाईच्या हातावर पातळ प्लास्टिकची पिशवी चढवायची आणि एकेक बांगडी अलगद उतरवायची. मी आत सगळी तयारी करून ताटकळत असे.

“शालू, इथं मी म्हातारी होऊन राहिली,” मी ओरडायचे.

“काहून घाई करते वं? ओपीडीत नाही सांगत त्या, इथंच बोलतात,” ती मान वर न करता म्हणायची.

कुही गावाकडची रंजना अशीच बोलली. लग्नाला बरीच वर्षं झाली तरी मूल नव्हतं. पाळी पहिल्यापासून अनियमित. पोट वाढू लागलं तेव्हा घरात आनंदीआनंद झाला, तपासून घ्यायचं कुणाला सुचलंच नाही. सासूने हौसेने हिरवा चुडा भरून ओटी भरली. दिवस उलटून गेले तरी कळा येईनात म्हणून आणली, तर सोनोग्राफीत गर्भाशय रिकामं आणि शेजारी भोपळ्याएवढी गाठ. हे सगळं ती बांगड्या उतरत असताना सांगत होती. सासू दाराशी उभी राहून म्हणत होती, “मॅडम, काय काढाचं ते काढा, पण माही पोरगी वाचली पाहिजे.”

गाठ अख्खी बाहेर आली. तिचा तुकडा तपासून उत्तर येईपर्यंत पोट उघडं ठेवून थांबावं लागतं. शालिनी हात छातीशी जोडून उभी होती. उत्तर आलं, अधलीमधली. मी विचारलं, “आता?”

तिने पुन्हा सगळीकडे नीट पाहिलं. “दुसरं अंडाशय चांगलं आहे, पिशवी चांगली आहे. ठेवते.”

“आणि परत गाठ झाली तर?”

“तर परत मीच काढीन. मी कुठं जाऊन राहिली?”

घरी जाताना रंजनाने बांगड्या घेतल्या नाहीत. “ज्याच्यासाठी भरल्या होत्या ते तर नव्हतंच,” म्हणाली. शालिनीने त्या गॉजमध्ये गुंडाळून टेबलाच्या खणात ठेवल्या. “असू दे. वाटलं तर मागून घेजो.” त्यानंतर रंजना दर वर्षी तपासणीला येत राहिली. बांगड्यांचा विषय दोघींनी कधी काढला नाही.

गेल्या आठवड्यात ती आली. तिला काहीच माहीत नव्हतं. सांगायचं माझ्यावर आलं. मीच तिची सोनोग्राफी करून घेतली. सगळं ठीक होतं. निघता निघता ती दारातून परत फिरली.

“मॅडमनं माह्या बांगड्या ठेवल्या होत्या. आहेत का जी?”

खणात होत्या, त्याच गॉजमध्ये. माझ्या तोंडून निघून गेलं, “काही गोड बातमी आहे का गं?”

“नाही जी. लेकरू नाही झालं.” तिने बांगड्या मोजल्यासारखं केलं आणि पदराने पुसल्या. “पण मी आहो ना. मॅडमनं ठेवलं मले. घालूनच जातो म्हटलं.”

पहिली बांगडी अंगठ्याच्या हाडाशी अडली. इतक्या वर्षांत तिचा हात भरला होता, हे पाहून मला फार बरं वाटलं आणि तिथेच, इतक्या आठवड्यांनी, रडू आलं. ती बांगडी जोर लावून पुढे ढकलू लागली.

“थांब, ओढू नको. फुटेल,” मी म्हटलं आणि साबणाचं भांडं आणायला उठले.