रिकाम्या चौकटीतलं शून्य

डोंगराखालच्या वाडीची सकाळची फेरी बंद करावी, असं पत्र विभागाकडून आलं, तेव्हा ते आधी मीच वाचलं. कर्जतच्या बस डेपोत टपाल उघडायचं काम माझ्याकडे आहे. पत्र वाचून मला फारसं काही वाटलं नाही, हे आधीच सांगून टाकते. सहा महिन्यांचे आकडे त्यात दिले होते आणि ते आकडे मीच पाठवलेले होते. सकाळच्या गाडीत सरासरी सात माणसं. सात माणसांसाठी अख्खी गाडी किती दिवस चालवणार?

मी डेपोत कारकून आहे. राहायला दहिवलीत, चालत पंधरा मिनिटांवर. ज्या फेऱ्या नुसत्या तिकिटांवर तग धरत नाहीत त्यांना सरकार मदत देतं आणि त्याबदल्यात दर महिन्याला विचारतं, की फेरी सुटली का, वेळेवर पोचली का, माणसं किती बसली. कंडक्टर रोज भरलेला कागद आणून देतात, मी तो संगणकात चढवते. पंधरा वर्षं हेच काम करतेय. त्या वाडीत मात्र मी कधीच गेले नव्हते.

दुपारी त्या फेरीचे कंडक्टर आले. आम्ही त्यांना मास्तर म्हणतो. भिवपुरीकडच्या शेतकरी घरातला पन्नाशीचा माणूस, घरची भातशेती सांभाळून नोकरी करणारा. मी त्यांना पत्र दाखवलं.

"सात? सात कोन म्हनला?" ते म्हणाले. "बाई, माज्या गाडीत उबं ऱ्हायला जागा नाय."

"मास्तर, तुमच्याच कागदावर आहे."

"कागदावर तिकिटं हायत. मानसं नाय."

मग त्यांनी समजावून सांगितलं. वाडीतल्या आणि वाटेवरच्या गावांतल्या मुली शाळेला याच गाडीने येतात. त्यांना फुकट पास असतो. पास बघायचा आणि पुढे सरकायचं, मशीनमधून त्यांचं तिकीट निघत नाही.

"अहो, पण पासवाल्यांचा रकाना आहे ना कागदावर! तो का भरत नाही?"

"तिकिटं देऊ का पोरी मोजू? गर्दीत हात हलवाय येत नाय. मी ऱ्हाऊ देतो रिकामा." मग त्यांनीच विचारलं, "मी रिकामा सोडतो, मंग तुमी तितं काय लिवता?"

संगणक चौकट रिकामी ठेवू देत नव्हता. पुढे जाताच येत नसे. म्हणून मी तिथे शून्य दाबायचे. पहिल्यांदा कधी दाबलं तेही आठवत नाही, इतकी सवय झाली होती.

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गाडीने मी वाडीवर गेले. जाताना गाडी जवळजवळ रिकामी होती. थंडीचे दिवस होते, भात निघालेल्या शेतांत वाल फुलावर आला होता. वाडीच्या टोकाशी गाडी वळली आणि चिंचेखाली उभ्या असलेल्या मुली धावत आल्या. मी मागच्या दाराशी वही घेऊन बसले होते. वाडीवर अकरा मुली चढल्या. पुढे थांबा नसलेल्या एका वळणावर पाच, ओढ्याजवळ नऊ. मास्तर प्रत्येक ठिकाणी न विचारता गाडी थांबवत होते. फाट्यावर आणखी बऱ्याच. शहर यायच्या आत माझ्या वहीत अडतीस मुली झाल्या. तिकीट काढलेली माणसं सहा.

त्या सहांतली एक वाडीवरची म्हातारी होती, आवळ्यांची पाटी मांडीवर घेऊन बसलेली. बराच वेळ माझ्याकडे बघत होती.

"काय लिवतं गं बाय?"

"गाडीत किती माणसं आहेत ते."

"मंग मला बी लिव."

"आजी, तुमचं तिकीट आहे. तुम्ही आधीच मोजलेल्या आहात."

"तरी लिव," ती म्हणाली. मी तिच्यासमोर एक रेघ ओढली. ते बघून तिचं समाधान झालं.

माझ्या शेजारी दहावीतली एक मुलगी उभी होती. मोजणी कशासाठी, हे तिला बरोबर कळलं होतं. "गाडी बंद होनार का?" तिने हळूच विचारलं. मागे रस्त्याच्या कामामुळे गाडी महिनाभर येत नव्हती, तेव्हा या मुली फाट्यापर्यंत चालत यायच्या. "आमच्यातल्या दोघी तवापासून शाळंत नाय," ती म्हणाली. तक्रारीचा सूर नव्हता, नुसतं सांगत होती. मला मात्र तिच्याकडे बघवेना.

डेपोत पोचल्यावर मी थेट साहेबांच्या खोलीत गेले. आमचे व्यवस्थापक नवे, माझ्याहून लहान आणि फार जपून वागणारे. त्यांनी वही पाहिली.

"म्हणजे आपण सहा महिने चुकीची माहिती पाठवली, असं लिहून द्यायचं?"

"आपण नाही साहेब, मी. रकाना रिकामा यायचा आणि मी शून्य भरायचे."

"पुढच्या महिन्यापासून बरोबर भरा. मागचं कशाला उकरता?"

"पुढच्या महिन्यात फेरीच नसेल, तर भरू काय?"

मी पत्र लिहून आणलं, चूक कशी झाली ते सरळ लिहिलं. त्यांनी ते दोनदा वाचलं आणि सही न करता टेबलावर ठेवलं. दुसऱ्या सकाळी ते स्वतः त्या गाडीत होते. जाताना ड्रायव्हरच्या मागे बसले, येताना फाट्यापासून कर्जतपर्यंत उभे. उतरल्या उतरल्या त्यांनी सही केली आणि खाली स्वतःच्या हाताने एक ओळ लिहिली: "प्रत्यक्ष पाहणी केली आहे."

पंधरा दिवस काहीच कळलं नाही. मग दोन पत्रं एकदम आली. एकात मला लेखी समज दिली होती. ती मी घरी नेऊन नवऱ्याला दाखवली, तेव्हा तो म्हणाला, "तुझीच तक्रार तूच केलीस की गं!" आणि आम्ही दोघं हसलो. दुसऱ्या पत्रात फेरीला तीन महिन्यांची मुदत होती, रोज पासधारक मोजण्याच्या अटीवर.

मास्तर पहिला आठवडाभर कुरकुरले. मग त्यांनी पुठ्ठ्याच्या तुकड्यावर पाच-पाचच्या रेघा ओढायला सुरुवात केली. एखाद्या दिवशी मोजायचं राहिलं तर तसं सांगायचे, आणि मी शेऱ्यात लिहायचे, "माहिती मिळाली नाही". विभागाने पुढे संगणकातही तशी सोय करून दिली. तीन महिन्यांनी सकाळची फेरी कायम झाली.

त्या मोजणीत वाडीची दुपारची फेरी मात्र खरोखरच रिकामी निघाली; मुली परततात त्या संध्याकाळच्या गाडीने. तेही मी तसंच कळवलं, आणि ती बंद झाली. वाडीवरचे दोघेतिघे डेपोत येऊन मला बोलून गेले. त्यांचं ऐकून घेतलं. आडवारी, म्हणजे बाजार नसलेल्या दिवशी, दवाखान्याला जायचं तर आता त्यांना फाट्यापर्यंत चालावं लागतं, हे खरंच आहे. आठवडी बाजाराच्या दिवशी तरी दुपारची गाडी द्यावी, असा अर्ज त्यांनी माझ्याच टेबलाशी बसून लिहिला, आणि साहेबांनी तो मान्य केला.

उरलेल्या दिवशी ती गाडी आता खालापूरच्या बाजूला, कुंभिवलीपर्यंत जाते. तिकडच्या कारखान्यांतल्या दुसऱ्या पाळीच्या बायका इतके दिवस टेंपोत दाटीने बसून जायच्या. परवा मी पुन्हा वही घेऊन त्या गाडीत चढले. एकीने सरकून मला खिडकीजवळ जागा करून दिली.