जमनाताईंना वेगळं बसवणार नाही!

मंडळी, आज डोकं फिरलंय म्हणून लिहितेय.

जासईच्या एका गोदामात मी सुपरवायझर आहे. गेल्या आठवड्यात नव्या स्कॅनरचं सगळ्यांना एकत्र ट्रेनिंग झालं. आज मॅनेजरने माझ्या हातात फॉर्म दिला. "जमनाताई कच्च्या आहेत. त्यांना एकट्यांना परत ट्रेनिंगला बसवा."

जमनाताई आमच्यात सगळ्यात जुन्या. फॉर्म बघून म्हणाल्या, "मी एकटी नाय बसनार. सगल्यांना बोलवा, मंग बघू कोनाला येतंय."

बोलावलं. फाटलेल्या खोक्याची नोंद करायला सांगितली, तर सगळे एकमेकांची तोंडं बघायला लागले. जमनाताईंनी अडखळत का होईना, केली आणि स्कॅनरने ती घेतलीही.

ट्रेनिंगच्या दिवशी शंका फक्त त्यांनीच विचारल्या होत्या. म्हणून त्याच कच्च्या ठरल्या! बाकीचे मान डोलावून पास.

सगळ्यांनाच परत शिकवा म्हटलं, तर मॅनेजर म्हणाले, "परत सगळ्यांना शिकवायला वेळ नाही. एक नाव द्या."

दिलं. फॉर्मवरचं जमनाताईंचं नाव खोडून माझं लिहिलं. ती नोंद मलाही येत नव्हती. मीही मानच डोलावली होती.

आता खरं सांगा, तुमच्या ऑफिसात "मला नाही कळलं" म्हणणाऱ्याला तुम्ही काय म्हणता?